न जन्मलेली म्हैस

आमच्या घराण्यात एक म्हैस आहे. ती कधी जन्मली नाही, तिला कुणी दावणीला बांधलं नाही, तिच्या शेणाची पाटी कुणी उचलली नाही. तरी ती वर्षभरात इतक्या वेळा व्याली की गावातल्या खऱ्या म्हशींनी लाजून मान खाली घालावी. या म्हशीचं दूध आम्ही प्यायलो नाही, पण तिच्या जिवावर हसलो मात्र पोटभर. आणि एकदा तिच्याचमुळे माझ्या आईच्या हातातला मोबाईल वाचला. ती गोष्ट मी सांगणार आहे, आणि मध्येच हसायला लागले तर सांभाळून घ्या, माझा नाइलाज आहे.

मी धुळ्याला देवपुरात राहते, शाळेत शिकवते. भाऊ माझ्याहून लहान, जळगावला कॉम्प्युटरच्या कामात. बाबा गेल्यापासून आई एरंडोलच्या घरी एकटी, आणि एकटीच राहणार म्हणून हट्ट धरून बसलेली. तिची सख्खी धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, पहूरला दिलेली. दोघींचं माहेर आता उरलेलं नाही. मामा गेला, घर विकलं गेलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस ओरपतात. या दोघी मात्र आखाजी आली की आपापल्या सासरच्या ओट्यावर गप्प बसायच्या. मला ते पाहवत नसे.

म्हणून मीच आईला स्मार्टफोन घेऊन दिला. भाऊ म्हणाला, "ताई, माकडाच्या हातात कोलीत देतेयस." मी म्हटलं, "आधी आपल्या आईला माकड म्हणणं बंद कर." झालं, पंधरा दिवस अबोला.

पण मोबाईलने काय जादू केली! दुपारी तीन वाजले की आई मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची. तिकडे पहूरला मावशी तिचा मोबाईल पाण्याच्या कळशीला टेकवायची. मग इकडे आई तूर निवडतेय, तिकडे मावशी लसूण सोलतेय. कधी तासभर दोघी बोलायच्याही नाहीत. मी एकदा विचारलं, "अगं, बोलत का नाही मग? डेटा उगाच जातोय." आई म्हणाली, "माहेरी बठल्यावर काय सारखं बोलनं पडस का?"  तो मोबाईल म्हणजे तिचं माहेर होतं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

आता संकट कसं आलं ते ऐका.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे तरुण आवाज, अगदी लाडात आलेला. "मावशी, ओळखलं का?"

आमच्याकडे या प्रश्नाला "नाही" हे उत्तरच नसतं. नातेवाइकाला "कोण तू?" विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. लग्नात कुणी समोर येऊन "ओळखलं का?" म्हणालं की आम्ही घामाघूम होऊ, मनातल्या मनात सगळा गोतावळा पालथा घालू, पण "नाही ओळखलं" म्हणणार नाही. त्यातून बहिणीच्या पोराला ओळखलं नाही असं झालं, तर तोंड कुठे दाखवायचं? तर आई ताबडतोब म्हणाली, "ओळखलं ना रे! पहूरचा ना?"

घ्या! त्या लबाडाला गाव, नातं, सगळं आयतं ताटात वाढून दिलं. "हो मावशी, पहूरचाच," तो म्हणाला. मग त्याने रडका आवाज काढला. गाडीचा अपघात झाला, पोलिसांनी धरलं, मोबाईल फुटला, मित्राच्या मोबाईलवरून बोलतोय, आईला सांगू नकोस, आणि लगेच ऑनलाइन पैसे पाठव. आईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पण ऑनलाइन पैसे कसे पाठवतात हे तिच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "थांब बेटा, तुझ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते."

"कोणत्या गाडीच्या?"

"पहूरच्या एसटीच्या. ड्रायव्हर ओळखीचा आहे. लोणचं जातं, पापड जातात, तर पैसे नाही का जाणार?"

तो बिचारा समजावून समजावून थकला. शेवटी त्यानेच फोन आपटला! आईला वाटलं, भाचा रुसला. तिने पिशवीत तळाशी फडक्यात बांधून पैसे ठेवले, वर कुरडया रचल्या, त्यावर लोणच्याची बरणी, आणि पिशवी खरंच एसटीने पहूरला पाठवली. संध्याकाळी खरा भाचा, जो दिवसभर शेतात केळीला पाणी देत होता, कुरडयांखालून पैसे काढून डोकं खाजवत बसला.

एक रुपयाही बुडाला नाही. मी तर हसून हसून खाली बसले. पण भाऊ हसला नाही. तो तडक एरंडोलला आला आणि म्हणाला, "या वेळी एसटीने वाचवलं. पुढच्या वेळी शेजारचा कुणी पाठवून देईल ऑनलाइन. आई, हा मोबाईल मी नेणार. तुला बटणांचा साधा आणून देतो."

"त्याच्यात बहीण दिसेल का?" आईने विचारलं.

"ऐकू येईल."

आई पदराने मोबाईल पुसत बसली. मग मी तोंड सोडलं. मी चिडले की माझा आवाज थेट वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जातो. त्या दिवशी तो बहुधा पद्मालयाच्या गणपतीपर्यंत गेला असावा. शेवटी तह झाला. आखाजीपर्यंत मोबाईल आईकडे. तोवर आई फसली नाही तर पुढचं बघू. फसली तर मोबाईल जळगावला. आई म्हणाली, "कबूल." आमच्या आईचं कबूल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी सुट्टी टाकून राहिले आणि तिची शाळा घेतली. ओटीपी म्हणजे घराची किल्ली, ती देवालाही द्यायची नाही. पोलीस फोनवर कुणाला अटक करत नाहीत. बँक फोनवर ओटीपी विचारत नाही. कुणी घाई केली की समजावं, दाल में काला. शंका आली की फोन ठेवायचा आणि आपल्याकडे लिहिलेल्या जुन्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. आईने सगळं पाठ केलं. घोडं अडलं एकाच ठिकाणी. "फोन ठेवायचा" हे तिला जमेना. जेवलास का, हे विचारल्याशिवाय फोन ठेवणं तिला चोराच्या बाबतीतही पटेना. आणि "कोण तू, पुरावा दे" हे तर तिच्या तोंडून निघेचना.

"खराच भाचा असला तर? त्याला काय वाटेल?"

"अगं पण खोटा असला तर?"

ती बराच वेळ तूर निवडत राहिली. मग एकदम तिचे डोळे चमकले. "तू कोण शे, असं मी नाही विचारणार. मी विचारेन, म्हैस व्याली का?"

"कोणाची म्हैस?"

"पहूरची."

"पहूरला म्हैस आहे कुठे?"

"तेच तर!" आई म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तुरीचं सूप उलटं झालं.

खरं सांगायचं तर मावशीला म्हशीची फार हौस. आयुष्यभर नवऱ्याच्या मागे लागली, एक म्हैस घ्या, दारात म्हैस पाहिजे. काका म्हणायचे, पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष येत राहिलं, म्हैस काही आली नाही. मग काकाच गेले. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत. बाहेरच्याला कसं ठाऊक असणार? मावशीला बेत सांगितला तेव्हा तीही मोबाईलमध्ये तोंड लपवून हसली. फक्त मावशीच्या पोराला सांगायचं नाही असं ठरलं. मी शिक्षिका आहे, पेपर फुटला की परीक्षेला काय अर्थ उरतो ते मला माहीत आहे.

आणि मग, आहाहा, काय दिवस आले ते!

आठवडाही गेला नाही आणि तोच रडका आवाज पुन्हा. "मावशी, ओळखलं का?" आईने स्पीकर लावला, मला खुणेने बोलावलं. ओट्यावर गहू साफ करणाऱ्या शेजारणीही गव्हासकट आत येऊन बसल्या.

"ओळखलं ना रे! म्हैस व्याली का?"

पलीकडे तो जरा खाकरला. मग, "हो मावशी, व्याली."

एका शेजारणीने तोंडात पदर कोंबला.

"काय झालं?"

"पारडी झाली. पण मावशी, मी जरा अडचणीत..."

"दूध किती देते?"

"देते, भरपूर देते. मावशी, तू आधी माझं ऐक..."

"खरवस नाही पाठवलास रे मग? पहिल्या चिकाचा खरवस बहिणीच्या घरी जायला नको? ही कुठली रीत?"

"पाठवतो मावशी. आधी तू तेवढे पैसे..."

"आधी खरवस."

"मावशी, पोलीस उभे आहेत इथे!"

"त्यांनाही दे थोडा. पण आधी मला."

फोन कट. आम्ही सगळ्या गव्हाच्या ढिगात गडाबडा लोळत होतो. आई मात्र खंतावली. म्हणाली, "जेवलास का, ते विचारायचं राहूनच गेलं."

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत "आधी खरवस" ही म्हणच झाली. कुणाचं पोरगं पैसे मागायला आलं की त्याची आई म्हणायची, आधी खरवस. भाजीवाल्याने भाव वाढवला की बायका ओरडायच्या, आधी खरवस! एकदा कुणी हिंदीत वीज कापण्याची धमकी दिली, तर आईने त्यालाही सोडलं नाही. "भैंस को बच्चा हुआ क्या?" तो म्हणाला, "माताजी, कौन सी भैंस?" आई माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, "हा खरा दिसतो गं!" मी डोक्यावर हात मारून घेतला. वीजवाल्याला ही परीक्षा लागू नाही, ती फक्त गोतावळ्यासाठी, हे तिला पुन्हा शिकवावं लागलं. आणखी एकदा वर्दीतला एक जण व्हिडिओवर येऊन अटकेची भाषा करू लागला. आईने त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "भाऊ, शर्टाची गुंडी चुकीची लावलीस. घरी बाईमाणूस नाही का?" त्यानेच कॅमेरा बंद केला. रोज तीन वाजता हे सगळं मावशीला साग्रसंगीत सांगितलं जायचं, आणि कळशीला टेकवलेला मोबाईल तिच्या हसण्याने घसरून पडायचा.

आखाजी आली. मी मुद्दाम आदल्या दिवसापासूनच एरंडोलला होते. सकाळी आमरस, सांजोऱ्या, खापरावरचे मांडे, सगळं रीतसर झालं. भाऊही आला, आणि काखेत बटणांच्या मोबाईलचा नवा खोका. मी म्हटलं, "आई फसली नाही, ठरलं होतं ना?" तो म्हणाला, "पुढचं बघू म्हटलं होतं ना? मग बघितलं. हे खेळ आहेत, ताई. नशीब रोज साथ देत नाही. एक दिवस असा येईल की तिला हसायला सुचणार नाही." त्याचं सगळंच चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. तो घाबरलेला होता, आणि घाबरला की तो रागावतो. आमच्या घरातला हा वारसाच आहे. आईने खोका पाहिला आणि म्हणाली, "आजचा दिवस जाऊ दे. तीनचा फोन होऊ दे. मग ने."

तीन वाजले. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकलेला. मावशीचा फोन आला नाही. आईने लावला, तर बंद. सणाचा दिवस, पाहुणे असतील, असं मी म्हटलं. आईने तूर काही हातात घेतली नाही.

तेवढ्यात भावाचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. त्याने कापला. परत वाजला, परत कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने तो नंबरच ब्लॉक केला आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "असं करायचं असतं. अनोळखी म्हणजे उचलायचाच नाही."

आणि मग आईचा मोबाईल वाजला. अनोळखीच नंबर.

आईने उचलला, स्पीकर लागलेलाच होता. पलीकडून रडत रडत एक आवाज. "मावशी, मी पहूरचा! आई काल संध्याकाळी गच्चीवरून वाळवण काढताना पडली. जळगावला आणलंय, मांडीचं हाड मोडलंय, आता ऑपरेशन आहे. तिचा मोबाईल फुटला, माझा घाईत घरी राहिला, दुसऱ्याचा मागून घेतलाय. मावशी, लवकर..."

अपघात. फुटलेला मोबाईल. दुसऱ्याचा नंबर. घाई. मी शिकवलेली प्रत्येक खूण ओळीने हजर. रडण्यात आवाज इतका फाटलेला की ओळखू येईना. भावाने मानेने "काप" म्हणून खूण केली, आणि आई ऐकेना तेव्हा मोबाईल घ्यायला हात पुढे केला. आईचा चेहरा पांढरा पडला होता. तिने त्याचा हात बाजूला सारला. ती मोबाईलवर वाकली.

"म्हैस व्याली का रे?"

पलीकडे मग जे काही फुटलं!

"कोनती म्हैस?" तो किंचाळला. "मनी माय आठे पडेल शे, नि तू म्हैस काय इचारस? आमना घर कव्हय व्हती म्हैस? डोकं फिरनं का तुनं?"

आई ताडकन उठली. "खरा शे! मनी चप्पल कोठे शे?"

इतकी कडकडीत शिवी खाऊन इतकी खात्री पटलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. भाऊ जागीच उभा राहिला. फोनवर भाचा सांगत होता, मावशी ऑपरेशनला आत जायला तयार नाही, अक्काशी बोलल्याशिवाय मी जाणार नाही म्हणून स्ट्रेचरच्या दांड्या धरून बसलीय. नंबर तिलाच पाठ होते म्हणून फोन लागले. "दादाला किती लावले, दादा तर उचलेचना." भावाने मान खाली घातली.

मग मावशीचा आवाज आला, अगदी बारीक. "अक्का, माले भीती वाटस."

"मी येस ना," आई चप्पल शोधता शोधता म्हणाली. "तू मझार जाय. तू भाईर येशी तव्हय मी तठेच राहसू."

"नक्की?"

"आखाजीले खोटं बोलस का मी?"

दांड्या सुटल्या. तिला आत नेलं.

एरंडोल ते जळगाव भावाने गाडी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटूनच बसले होते. 

ऑपरेशन नीट झालं. पण बाहेर काढल्यावर तिला निराळ्या खोलीत ठेवलं, आणि आत एकालाच सोडत होते. भाचा आत गेला. एव्हाना पहूरहून त्याचा मोबाईल आला होता. तो म्हणाला, शुद्धीवर आली की व्हिडिओ लावतो. इकडे आईच्या मोबाईलची बॅटरी संपत आलेली. भावाने भिंतीतला एक प्लग शोधला. वायर आखूड होती, म्हणून तो मोबाईल हातात धरून तिथेच भिंतीला चिकटून उभा राहिला. कुणी चहा आणला तरी त्याने मोबाईल खाली ठेवला नाही.

फोन आला. आम्ही तिघं त्या प्लगपाशी डोकी जुळवून उभे. पडद्यावर मावशी. डोळे मिटलेले, चेहरा सुकलेला, केस विस्कटलेले. आईने हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. भाच्याचा आवाज आला, "मघाशी डोळे उघडले होते, पण कुणाला ओळखत नाहीये." आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

मग ती मोबाईलजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली, "म्हैस व्याली का वं?"

 मग मावशीचे ओठ हलले.

"व्याली. पारडी शे."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. जी बाई इतके लबाड हसत हसत परतवत आली, ती तेवढ्या शब्दांनी मुळापासून हादरली. चुकीचं उत्तर. जे परके देत, ते उत्तर. मलाही वाटलं, आपली मावशी गेली, परत आली ती दुसरीच कुणी आहे. आई म्हणाली, "नही, नही वं माय, असं नको सांगू..."

तेव्हा मावशीने एक डोळा उघडला. फक्त एकच. आणि कोरड्या ओठांनी म्हणाली, "मंग खरवस खावाले ये ना."

अगं बाई! हॉस्पिटलात शांतता पाळा म्हणून पाटी होती, तिचा आम्ही पार धुव्वा उडवला. आई रडतेय, हसतेय, मोबाईलवर बोट आपटत ओरडतेय, "फ्रॉड शे ही! सगळी बठ्ठी फ्रॉड शे!" आत भाचा काही न कळून "कोणती म्हैस आहे ही, मला कुणी सांगेल का?" म्हणून विचारतोय. नर्स धावत आली, आणि आम्हाला हसताना पाहून तीही हसायला लागली.

फोन संपला. आईने डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि भावाकडे वळली. त्याच्याच हातात मोबाईल होता, वायरसकट.

"आखाजी व्हयनी," ती म्हणाली. "ने आते मोबाईल."

भावाने मोबाईलकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग प्लग जरा नीट दाबून बसवला.

"अजून भरला नाहीये," तो म्हणाला. "भरला की देतो. उद्या तीनला लागेल तुला."